कॉइल गेली म्हणण्याआधी : मल्टिमीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते गाडीजवळ उभं राहून वाचता येतील असे मांडले आहेत.)



स्पेअर पार्टच्या दुकानात एक पाटी हमखास दिसते. ‘इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही.’ दुकानदाराला दोष देऊ नका, त्याचं बरोबर आहे. तुम्ही कॉइल नेली, लावून बघितली, गाडी चालू झाली नाही, परत आणून दिली. मधल्या वेळेत तिच्यावर काय प्रयोग झाले, हे त्याला कसं कळणार? म्हणजे शर्ट घालून बघता येतो, चप्पल घालून बघता येते, पण कॉइलचे पैसे आधी द्यावे लागतात आणि ती खरंच हवी होती का, हे नंतर कळतं.

आणि बाईक चालू होईना की पहिलं वाक्य काय येतं? ‘करंट येत नाही, कॉइल गेली असेल.’ यातला ‘असेल’ महाग पडतो. कॉइल बदलली, फरक नाही. मग सीडीआय बदलला, फरक नाही. शेवटी निघतं काय, तर प्लगच्या टोपीत पाणी.

आता हे आशागडच्या नजरेने बघा. एका अंगाला डहाणू, दुसऱ्या अंगाला चारोटी नाका आणि कासा. रस्त्यापासून आत पाड्यांवर राहणारी पोरं सकाळी बाईकने डहाणू रोड स्टेशनला येतात, गाडी लावतात आणि बोईसरला उतरून तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जातात. काही जण उलट्या दिशेला, उंबरगाव-वापीकडे. 2013 मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून सगळ्यांचं घड्याळ गाडीच्या वेळेवर चालतं. पहाटे बाईक चालू झाली नाही तर लोकल चुकते, लोकल चुकली की पाळी चुकते, पाळी चुकली की रोज जातो. रात्री घरातल्या कुणाला कासा किंवा डहाणूच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असेल, तर गोष्ट रोजाच्याही पुढची आहे. त्यामुळे नेमकं काय बिघडलंय, हे लवकर कळणं इथे चैनीची गोष्ट नाही.

त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर पुरतो. पण आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकतो : मल्टिमीटर कॉइलला दोषी ठरवू शकतो, पण निर्दोष ठरवू शकत नाही. हे वाक्य लक्षात राहिलं तर पैसेही वाचतील आणि घोळही होणार नाही. का, ते आता बघू.

मीटर काढायच्या आधी

पहिली पाच मिनिटं फुकटची. किल स्विच बंद राहिलाय का? नव्या गाडीत साइड स्टँडचा सेन्सर असतो, स्टँड पूर्ण वर आहे का? पेट्रोल आहे का, कॉक चालू आहे का? हसू नका, गॅरेजमध्ये ढकलत आणलेल्या कितीतरी गाड्या इथेच सुटतात.

मग प्लगची टोपी ओढून काढा. आत बघा. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने गाडी ओली असते. त्यात सर्व्हिसिंगला गेली की प्रेशरच्या पाण्याने धुतात. ते पाणी टोपीत शिरतं आणि तिथेच बसतं. आत हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर समजा की तांबं गंजतंय. टोपी कोरड्या फडक्याने पुसा, वाळू द्या, परत घट्ट बसवा.

पुष्कळ 100-125 सीसी गाड्यांत टोपी वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवली की निघते. वायरचं टोक काळं-हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून टाका आणि टोपी परत फिरवून बसवा. ताज्या तांब्याला स्क्रू लागतो आणि बऱ्याचदा गाडी तिथेच चालू होते. खर्च शून्य. पण आधी वायरला तेवढी लांबी शिल्लक आहे ना, ते बघून घ्या. आणि ज्या गाडीत टोपी वायरला कायमची चिकटवलेली असते, तिथे जोर लावू नका.

प्लगही काढून बघा. पेट्रोलने भिजलेला, काजळीने काळा झालेला, गॅप बिघडलेला प्लग असेल तर कॉइल बिचारी काय करणार? गॅप गाडीप्रमाणे साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटर असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. एखादा चांगला प्लग गाडीच्या टूलकिटमध्ये कायम ठेवा, तो सगळ्यात स्वस्त टेस्टर आहे.

कॉइल करते काय

एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी. पहिलं जाड तारेचं, वेढे थोडे. त्याला प्रायमरी म्हणतात. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, वेढे हजारो. ती सेकंडरी. प्रायमरीतला करंट झटक्यात बदलला की सेकंडरीत मोठा व्होल्टेज उठतो. दहावीच्या विज्ञानात फॅरेडेचं नाव वाचलं असेल. 1831 मध्ये त्याने जे दाखवलं, तेच तुमच्या पेट्रोलच्या टाकीखाली चालू आहे. 4-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला निदान 50 वेळा.

समजा प्रायमरीत 150 वेढे आहेत आणि सेकंडरीत 15,000. शंभर पट. प्रायमरीवर 200 व्होल्टचा झटका दिला तर हिशेबाने दुसऱ्या बाजूला 20,000 व्होल्ट. मग तुम्ही विचाराल, बॅटरी तर 12 व्होल्टची, 200 कुठून आले? इथे दोन प्रकार आहेत आणि मोजण्याआधी ते कळायलाच हवेत.

पहिला प्रकार सीडीआय. त्या डब्यात एक कपॅसिटर असतो. तो आधी शे-दोनशे किंवा जास्त व्होल्टपर्यंत भरतो आणि योग्य क्षणी सगळा साठा एकदम कॉइलमध्ये ओततो. म्हणून सीडीआयच्या कॉइलची प्रायमरी अगदी कमी रेझिस्टन्सची असते. रेझिस्टन्स म्हणजे शाळेतला ‘रोध’.

दुसरा प्रकार टीसीआय. यात बॅटरीचा करंट प्रायमरीतून वाहत असतो आणि ट्रान्झिस्टर तो अचानक तोडतो. तोडल्याक्षणी प्रायमरीतच दोन-चारशे व्होल्टचा झटका तयार होतो. जुन्या राजदूत-येझदीत हेच काम ‘पॉइंट’ करायचे. एकाएकी तोडणारी गोष्ट बदलली, तत्त्व तेच राहिलं. अशा कॉइलची प्रायमरी सीडीआयपेक्षा जास्त रेझिस्टन्सची असते.

म्हणूनच एका गाडीची कॉइल दुसऱ्या गाडीला ‘बसते’ म्हणून लावायची नसते. नट-बोल्ट बसतील, पण आतला हिशेब वेगळा असतो. यूट्यूबवर दुसऱ्याच गाडीचा आकडा बघून आपली कॉइल खराब ठरवणं, हाही त्याच जातीचा प्रकार.

मीटर तयार करा

काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात. 10 अँपिअरचं तिसरं भोक असतं, तिकडे जायचंच नाही.

गोल नॉब ओहमच्या भागात फिरवा. साध्या पिवळ्या मीटरवर 200, 2000, 20के, 200के, 2000के असे टप्पे असतात. ‘के’ म्हणजे हजार. आपल्याला दोनच लागतात : प्रायमरीला 200 आणि सेकंडरीला 20के.

आता 200 वर ठेवून दोन्ही पिनांची टोकं एकमेकांना घट्ट लावा. शून्य यायला हवं ना? येणार नाही. 0.3, 0.4, असं काहीतरी येईल. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध. कागदावर लिहून ठेवा, कारण तो वजा करायचा आहे. टोकं लांब केलीत की पडद्यावर डावीकडे नुसता ‘1’ दिसेल, काही मीटरवर ‘ओएल’. त्याचा अर्थ एक ओहम नव्हे. त्याचा अर्थ रस्ता तुटलाय, किंवा आकडा या टप्प्याच्या बाहेर आहे. नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून घरी दोन-चारदा करून बघा.

पडद्यावर बॅटरीचं चिन्ह आलं असेल तर आधी मीटरचा 9 व्होल्टचा सेल बदला. कमजोर सेलवरचा मीटर सरळ चेहऱ्याने खोटं बोलतो.

कॉइल मोजू या

इग्निशन बंद, चावी खिशात. इंजिन तापलेलं असेल तर थंड होऊ द्या. कॉइल बहुतेक टाकीखाली फ्रेमला लावलेली असते. प्लगच्या वायरीवर बोट ठेवून मागे मागे जा, सापडेल. तिची छोटी वायर किंवा वायरी सोडवा. सोडवण्याआधी मोबाइलने फोटो काढा, कोणती कुठे होती ते नंतर कळायला हवं. वायरी न सोडवता मोजलं तर मीटर बाकी सर्किटमधूनही रस्ता शोधतो आणि आकडा भलताच येतो.

*पायरी एक, प्रायमरी.* मीटर 200 वर. कॉइलला दोन छोटी टर्मिनल असतील तर दोघांवर एकेक पिन. एकच टर्मिनल असेल, जसं अनेक सीडीआय गाड्यांत असतं, तर एक पिन त्याच्यावर आणि दुसरी लोखंडी गाभ्यावर, म्हणजे जिथून कॉइल फ्रेमला अर्थ होते तिथे. तिथला गंज किंवा रंग खरवडून घ्या.

आलेल्या आकड्यातून मघाचा वायरींचा आकडा वजा करा. समजा 0.9 आला, वायरींचा 0.4 होता, उरले 0.5 ओहम. सीडीआयच्या कॉइलला साधारण एक ओहमच्या आत उत्तर येतं. टीसीआयच्या कॉइलला बहुतेक दोन ते पाच ओहमच्या आसपास. पक्का आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा मानायचा.

*पायरी दोन, सेकंडरी, टोपीसकट.* मीटर 20के वर. एक पिन प्लगच्या टोपीच्या आत, जिथे प्लगचं डोकं बसतं त्या धातूवर. दुसरी पिन गाभ्यावर, किंवा दोन टर्मिनलची कॉइल असेल तर प्रायमरीच्या टर्मिनलवर. एका टर्मिनलवर आकडा नाही आला तर दुसऱ्यावर बघा.

इथे एक काळजी घ्या. पिनांच्या उघड्या धातूला दोन्ही हातांची बोटं लावू नका. घामेजलेल्या हातांमधून करंटला दुसरी वाट मिळते. शरीराचा रोध 100 किलोओहम धरला आणि कॉइल 10 किलोओहमची असली, तर मीटर 9.1 दाखवेल. फरक कॉइलचा नाही, तुमच्या बोटांचा.

*पायरी तीन, सेकंडरी, टोपीशिवाय.* टोपी फिरवून काढा आणि वायरच्या उघड्या तांब्यावर पिन लावून तेच मोजा.

या दोन आकड्यांतली वजाबाकी ही आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. समजा टोपीसकट 9.1 किलोओहम आले आणि टोपीशिवाय 4.1. मधले 5 किलोओहम कुणाचे? टोपीचे. बऱ्याच टोप्यांत साधारण 5 किलोओहमचा रेझिस्टर मुद्दाम घातलेला असतो. ठिणगीमुळे होणारी विजेची खरखर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि आजूबाजूच्या रेडिओत घुसू नये, म्हणून. पण समजा टोपीसकट ‘1’ आला, म्हणजे रस्ता तुटलेला, आणि टोपी काढल्यावर 4.1 आले. मग कॉइलचा तार शाबूत आहे, मेलीय ती टोपी. ती कॉइलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. अशी तपासणी न करता ‘कॉइल गेली’ म्हणून पूर्ण सेट बदलला जातो, तेव्हा हाच फरक खिशातून जातो.

*पायरी चार, हलवून बघा.* मीटर लावलेला असतानाच प्लगची वायर हळूहळू वाकवा, पिळा. आकडा उड्या मारायला लागला किंवा मध्येच ‘1’ आला तर वायर आतून तुटली आहे. अशी गाडी उभी असताना सुरळीत चालते आणि खड्ड्यात गेली की झटके खाते.

आकड्यांचा अर्थ

प्रायमरी किंवा सेकंडरी ‘1’ दाखवते, टोपी काढूनही, तिन्ही टर्मिनलांवर फिरवूनही : तार तुटला. कॉइल दोषी. अपील नाही, बदला. एक अपवाद मात्र आहे. काही आधुनिक गाड्यांत प्लगवरच थेट बसणारी दांड्यासारखी कॉइल असते, तिच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असू शकतं. तिला ही रीत लागू पडत नाही, तिथे मॅन्युअल सांगेल तसंच करायचं.

सेकंडरी मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा फारच कमी, समजा निम्मी : आतले वेढे एकमेकांना चिकटलेत. दोषी.

आकडा थोडा वरखाली : घाई करू नका. मॅन्युअलमधले आकडे साधारण 20 अंश तापमानाचे असतात. तांबं तापलं की रोध वाढतो, दर अंशाला जवळजवळ 0.4 टक्के. म्हणजे मे महिन्यात 35 अंशांत मोजलं तर थंड कॉइलसुद्धा सहा टक्के जास्त दाखवणार. आणि इंजिनच्या आचेने 80 अंशांना गेलेली कॉइल, जी 25 अंशांना 8 किलोओहम दाखवत होती, ती 9.7 दाखवेल. हा बिघाड नाही, तो तांब्याचा स्वभाव आहे.

सगळे आकडे मॅन्युअलप्रमाणे बरोबर : इथे थांबा. इथेच लोक चुकतात.

बरोबर आकडा म्हणजे चांगली कॉइल नव्हे

छत्री घरात उघडून बघितली तर कधीच गळत नाही. गळते ती जुलैच्या पावसात. मल्टिमीटर कॉइलवर घालतो जेमतेम दोन-तीन व्होल्ट, कधी त्याहून कमी. कॉइल काम करते दहा-वीस हजार व्होल्टवर. आतल्या इन्सुलेशनला केसाएवढी चीर गेली असेल, तर तीन व्होल्ट ती कशाला ओलांडतील? पण पंधरा हजार व्होल्ट प्लगपर्यंत जायचे सोडून तिथूनच उडी मारून फ्रेममध्ये जातील. मीटर म्हणेल सगळं ठीक, आणि गाडी चढावर मरेल.

दुसरी गंमत वेढ्यांची. 15,000 वेढ्यांपैकी 20 वेढे आपापसात शॉर्ट झाले तर एकूण रोध किती बदलेल? साधारण 0.13 टक्के. 4.1 किलोओहममध्ये पाच ओहम. पिवळ्या मीटरच्या 20के टप्प्यावर ते दिसतही नाही. पण ते 20 वेढे स्वतःतच करंट फिरवत बसतात आणि ठिणगीची ताकद खातात. सीडीआयच्या प्रायमरीचं तर याहून अवघड. 0.5 आणि 0.4 यांतला फरक या मीटरला नीट सांगताच येत नाही, कारण त्याची शेवटची पायरीच 0.1 ची आहे.

मग करायचं काय? चार उपाय आहेत.

पहिला, गरम मोजणी. थंडीत चालू होते, दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडते, अर्ध्या तासाने परत चालू होते, अशी तक्रार असेल तर थंड असतानाचा आकडा लिहून ठेवा. बंद पडल्याक्षणी परत मोजा. गरम आकडा वीसेक टक्क्यांनी वाढला तर ठीक. एकदम ‘1’ आला तर कॉइल रंगेहाथ सापडली. म्हणून मीटर घरी नाही, डिकीत ठेवायचा.

दुसरा, अंधार. रात्री पुरता काळोख करून, मोकळ्या हवेत इंजिन चालू ठेवा आणि दुरून कॉइल, वायर, टोपी बघा. निळी ठिणगी बाहेरून सरपटताना दिसली किंवा टिकटिक आवाज आला, तर करंट गळतोय. हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

तिसरा, ठिणगीची लांबी. प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली, म्हणजे कॉइल चांगली, असं समजू नका. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण 3000 व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून सहा मिलिमीटर किंवा जास्त गॅपचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरा. मोकळ्या हवेत तेवढं अंतर निळ्या, टणक ठिणगीने पार केलं तर कॉइलमध्ये दम आहे.

चौथा आणि सगळ्यात पक्का, अदलाबदल. त्याच मॉडेलची चालू गाडी शेजारी असेल तर तिची कॉइल पाच मिनिटं लावून बघा. आपल्याकडे एका पाड्यावर एकाच मॉडेलच्या चार गाड्या सहज असतात. दोन प्लगच्या गाडीत दोन वेगळ्या कॉइल असतील तर तुलनेला दुसरी कॉइल गाडीतच आहे. दोघींचे आकडे घ्या. बिघाड एकाच बाजूला असेल तर कॉइल आपसात बदला. बिघाड कॉइलबरोबर गेला तर कॉइल दोषी, जागेवर राहिला तर दोष वायरिंगमध्ये किंवा प्लगमध्ये.

हे करायचं नाही

इंजिन चालू असताना मल्टिमीटरने प्लगच्या वायरीचा व्होल्टेज मोजायचा नाही. कधीच नाही. मीटरची मर्यादा 600 किंवा 1000 व्होल्टची, तिथे येणार पंधरा-वीस हजार. मीटर जळेल आणि झटका तुम्हाला बसेल.

सीडीआयच्या प्रायमरीवर पिन लावून किक मारायची नाही. तिथला झटका इतक्या कमी वेळाचा असतो की साधा मीटर तो पकडत नाही, आकडा उगाच फसवतो.

प्लग हातात धरून स्पार्क बघायचा नाही. प्लग टोपीत पक्का, त्याची बॉडी इंजिनच्या धातूला घट्ट टेकलेली, आणि प्लगच्या भोकापासून लांब. किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, समोर ठिणगी असेल तर भडका उडतो. टाकी बंद, आजूबाजूला पेट्रोलचं फडकं नको. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे, त्याने या कामाजवळ उभंच राहायचं नाही.

टोपी मोकळी लटकत ठेवून सेल्फ मारायचा नाही. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढते आणि चांगली वस्तू खराब करते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या बाइक बहुतेक फ्युएल इंजेक्शनवर आल्या. त्यांच्या ईसीयूच्या जोडणीत मीटरच्या पिना खुपसायच्या नाहीत. कॉइल सोडवून तिच्यापुरतं मोजणं ठीक, त्यापुढे माहितगार माणूस हवा.

कॉइल चांगली निघाली तर

तर निम्मं काम झालं. कॉइलच्या फ्रेमला लागणाऱ्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत 200 च्या टप्प्यावर मोजा. वायरींचा आकडा वजा करून जवळजवळ शून्य उरला पाहिजे. खाऱ्या हवेत आणि पावसात तिथे गंज धरतो, अर्थ तुटतो, आणि शिव्या कॉइलला पडतात.

बॅटरीवर चालणारं इग्निशन असेल तर मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरी बघा. उभ्या गाडीत साडेबाराच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती नऊ-दहाच्याही खाली कोसळत असेल तर कॉइलकडे जायचं कारणच नाही. टीसीआयच्या कॉइलला एका वायरीवर, चावी चालू केल्यावर, बॅटरीएवढे व्होल्ट यायला हवेत. येत नसतील तर फ्यूज, चावीचा स्विच, किल स्विच, या क्रमाने मागे जा.

त्यापुढे पिकअप कॉइल, म्हणजे इंजिनला ‘आता ठिणगी दे’ सांगणारा सेन्सर. त्याचा रोध गाडीप्रमाणे शंभर ते काहीशे ओहम असतो. तो ‘1’ दाखवत असेल तर चोर सापडला. आणि सीडीआय सगळ्यात शेवटी. साध्या मीटरने तो धड तपासता येत नाही, म्हणून बाकी सगळं निर्दोष ठरल्यावरच त्याच्यावर बोट ठेवायचं.

मेकॅनिकशी बोलताना

हे सगळं मेकॅनिकला खोटं पाडायला नाही. पंचवीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाच्या कानाला जे कळतं, ते मीटरला कळत नाही. पण ‘दादा, बघा ना, चालूच होत नाही’ आणि ‘दादा, प्रायमरी अर्धा ओहम येतीय, सेकंडरी टोपीशिवाय चार किलो, टोपीसकट काहीच येत नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर चांगला मेकॅनिक खूश होतो, त्याचा अर्धा तास वाचतो. तो म्हणेल, ‘अरे, मग टोपीच आण फक्त.’ आणि ज्याला हा प्रश्न आवडणार नाही, त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळेल.

एक सवय लावून घ्या. गाडी नीट चालतीय, अशा एखाद्या निवांत दुपारी तिच्या कॉइलचे तिन्ही आकडे मोजा : प्रायमरी, सेकंडरी टोपीसकट, सेकंडरी टोपीशिवाय. बाजूला तारीख आणि हवा थंड की गरम तेवढं लिहा. फोनच्या नोट्समध्ये ठेवा, आरसी बुकच्या फोटोशेजारी. मॅन्युअल मिळो न मिळो, तुमच्या गाडीचा, तुमच्या मीटरचा, तुमच्या गावच्या हवेतला बरोबर आकडा तोच. पावसात गाडी रुसली की तुलना कशाशी करायची, हा प्रश्नच उरणार नाही.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि आलेले तीन आकडे आम्हाला पाठवा. थंडीतले की गरमीतले ते लिहायला विसरू नका. पुढच्या भागात बॅटरी आणि चार्जिंग : रेक्टिफायर खरंच गेलाय का, हे त्याच मीटरने कसं बघायचं. तोवर हेल्मेट घाला, टोपी कोरडी ठेवा. प्लगची!

भेटू या.